शुक्रानं अडवलेला नवरदेव

परवा! ह्या येत्या परवाला माझं लग्न व्हायचं हुतं, पोरांनो! पंचवीस तारीख, रविवार, दुपारी बारा बावीसचा मुहूर्त, सव्वीसला झेंड्याची सुट्टी, पावणे निवांत जेवून निवांत गेले असते… आन थांबवलं कुनी? भावकीनं न्हाई, पोलिसानं न्हाई, नवरी पळून गेली असंबी न्हाई… शुक्रानं! व्हय, त्यो वरचा! ए, मागच्या, हसू नको, पुढचं दोन दात पडलेत तुजं, वारं शिरंल आत. आन ह्या तुमच्या समीक्षा मॅडम मला म्हणत्यात, "जालिंदरभाऊ, पुण्याचे पाहुणे भूगावच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेत, तोवर तुम्हीच मुलांना शुक्र ग्रहाची माहिती सांगा ना, जुईली म्हणते तुम्हाला सगळं पाठ आहे." पाठ? मॅडम, पाठ नसंल तर काय! ज्यानं आपलं वाटोळं केलं त्याची सगळी माहिती मानूस काढतोच की!

जुईली म्हंजी माझी भाची. ती बघा पयल्या रांगेत, मांडीवर तक्ता घिऊन बसलीया, सहावीत हाय, आन माझं कुटं चुकतंय त्याची वाट बघतीया. बघ बघ. आज मी चुकत न्हाई.

तर आदी मी कोन ते सांगतो, म्हंजी माझा राग किती खरा हाय ते कळंल. मी पिरंगुट ते मुठा जीप चालवतुया. घरी दोन एकर इंद्रायणी भात हाय, म्हस हाय, आई हाय. वय… वय लिवू नका वहीत, ते माहितीत येत न्हाई. नऊ वर्सं पोरी बघतुया. नऊ! अठ्ठावीस घरचं पोहं खाल्लं. कुटं शेंगदाणा जास्त, कुटं हळद जास्त, मी आता नुसत्या वासावर सांगीन का ह्या घरात नकार हाय! सगळीकडं येकच सवाल. पोरीचा मामा चष्मा पुसत इचारनार, "मुलगा काय करतो?" मी म्हणनार, शेती हाय, जीप हाय. "हो हो, ते झालं… पण काम काय करतो?" आता बोला! पहाटं साडेचारला उठून धार काढतो, सहाला गाडी लावतो, दुपारी खाचरात उभा असतो, आन हे म्हणत्यात काम काय करतो! मंग दुसरा सवाल, "पुण्यात फ्लॅट आहे का?" मी म्हणनार, फ्लॅट न्हाई, पन पुण्याला जायाला गाडी घरची हाय. की झालं. च्या येतो, आन नंतर फोन येत न्हाई.

आन तुमाला सांगतो, एकोणतिसावं घर मुठ्याचं निघालं. येसाजीतात्यांचं. शेरडं-मेंढरं, थोडी शेती, आन थोरली लेक प्राजक्ता, पिरंगुटच्या मेडिकलात औषधं देती. तिनं ना फ्लॅट इचारला ना पगार. म्हणली, "एकच विचारते. जीपमध्ये किती माणसं बसवता?" आई माझ्या पायावर पाय दाबतीया, सात म्हण, सात म्हण… आन माझ्या तोंडातनं निघून गेलं, "चौदा. बाजाराच्या दिवशी सोळा." आईनं डोळं मिटलं. पन ती हसली हो! म्हणली, "खरा आकडा सांगणारा ड्रायव्हर मी पहिल्यांदा बघितला." आन पसंती! तितल्या तितं! पोरांनो, त्या दिवशी मी मुठ्यापास्नं घरापातूर जीप दुसऱ्या गिअरात आनली, घाईच नव्हती कशाची. लई बरं वाटत हुतं.

आता चूक आमची बी झाली, न्हाई कसं म्हणू. आईनं भिंतीवरचं कॅलेंडर काढलं, आन लाल आकडं बघून तारीख धरली. पंचवीस लाल, सव्वीस लाल, दोन लाल शेजारी-शेजारी, झालं! खाली बारीक अक्षरात काय लिवलंय ते बघायला चष्मा लागतो, त्यो म्हशीनं तुडवला हुता. कार्यालय ठरवलं, आचारी ठरवला, नुसती सुपारी फुटायची बाकी. आन गुरुजींचा फोन. "जालिंदरा, अरे पंचवीसला कसलं लग्न? शुक्राचा अस्त आहे! डिसेंबरात मावळलाय तो, एक फेब्रुवारीला उगवेल. तोवर लग्न नाही, साखरपुडा नाही, सुपारीसुद्धा फोडायची नाही." मी म्हणलं, गुरुजी, काईतरी मार्ग काढा. गुरुजी म्हणलं, "अगदीच नड असेल तर गौणकाळ असतो, म्हणजे दुय्यम मुहूर्त." ते तात्यांच्या कानावर घातलं, तर तात्या फोनवरच तापलं, "गौणकाळात? माझ्या घरातलं पयलं लग्न गौणकाळात लावायचं? ती काय पळून चाललीया का?" बंद विषय.

मला सांगा, शुक्र कोन? माझा भाऊ? चुलता? जिमिनीत त्याचा हिस्सा हाय? मंग माझं लग्न अडवायचा त्याला काय हक्क!

मी त्या संध्याकाळी जीपच्या बोनेटवर बसून त्याला शिव्या घालत हुतो. तुमच्यापुढं सांगन्यासारख्या न्हाईत. तर ही जुईली आली. म्हणली, "मामा, अस्त म्हणजे काय तुला माहितीय का?" म्हणलं मावळला, मेला, आनखी काय? म्हणली, "जीपचा दिवा लाव." लावला. तिनं आईची एक उदबत्ती पेटवून आनली, दिव्याच्या बरूबर बाजूला धरली, आन मला म्हणली समोर उभा राहा. "निखारा दिसतो का?" कसला दिसतोय, डोळं दिपलं माझं! "विझलीय का उदबत्ती?" विझली कुटं, वास येतोय की. "मग तसंच. दिवा म्हणजे सूर्य. शुक्र फिरत फिरत सूर्याच्या मागच्या अंगाला गेला की उजेडात आपल्याला दिसत नाही. तो तिथंच असतो."

तितंच असतो! ऐकलं का? मजेत फिरतोय! फकस्त आपल्याला दिसत न्हाई म्हणून लग्न बंद! आरं, मीबी उरवड्याच्या वळणावर गेलो की चांदे गावच्या लोकांना दिसत न्हाई, त्यांनी कंदी जेवन सोडलंय का? लग्नं थांबवलीत? आन असल्या गड्यापायी माझं लग्न अडलंय!

मंग मी इरंला पेटलो. म्हणलं जुईले, ह्यो शुक्र हाय तरी कोन, सगळं सांग मला. आन तिनं मॅडमचं पुस्तक आनून चार दिवस रोज संध्याकाळी मला शिकवलं. पोरांनो, जसजसं ऐकतोय तसतसा माझा पारा चढतोय. तुमीच ऐका.

तर शुक्र आपला शेजारी. अंगानं जवळजवळ पृथ्वीएवढाच. पृथ्वीची बहीण म्हणत्यात त्याला. बहीण! असली बहीण दारात आली तर कुनी कडी काढायचं न्हाई! तितली गरमी किती? चारशे पासष्ट डिग्री. आपल्याकडं मे महिन्यात चाळीस झालं की कुत्री गाडीखाली झोपत्यात. चारशे पासष्ट! धरणावर जाळी टाकत्यात, त्यांना खाली शिशाचं मणी असत्यात बघितलं का? ते शिसं तितं नुसतं भुईवर ठिवा, पान्यावानी वितळून वाहून जाईल. चूल नको, काडी नको. आन दिवसा तेवढंच, रात्री बी तेवढंच. आपल्याला वाटतं रात्री जरा गार पडंल. न्हाई! आन ह्यो सूर्याच्या सगळ्यात जवळचा बी न्हाई बरं का. जवळ बुध. मंग ह्यो त्याच्यापरास जास्त कसा तापतोय? ए, तू सांग… न्हाई? तू? हां… हवा! तितली हवा म्हंजी जवळजवळ सगळा कार्बन डायऑक्साइड. ऊन आत शिरतं, गरमी भाईर पडत न्हाई. मे महिन्यात सगळ्या काचा लावून जीप उन्हात उभी करा आन दुपारी दार उघडून आत बसा, मंग कळंल. मी बसलोय. पाठ भाजती. शुक्र म्हंजी तशी जीप, जिची काच कुनी कंदी खाली केलीच न्हाई.

आन दाब! हवेचा दाब आपल्या ब्यान्नव पट. मी म्हणलं जुईले, ब्यान्नव पट म्हंजी मला काय कळंना. तिनं हिशोब करून सांगितलं. आपलं मुळशीचं धरण हाय का न्हाई, त्येच्यावर दुसरं, त्येच्यावर तिसरं, अशी अठरा-वीस धरनं येकावर येक रचायची, सगळी काठोकाठ पान्यानं भरायची, आन तळाशी तुमाला उभं करायचं. तेवढा दाब. नुसता हवेचा! हितं मी सोळा मानसं जीपमदी घालतो तर लोक म्हणत्यात चेंगरलो. चेंगरनं काय असतं ते तितं जाऊन बघा म्हणावं!

पाऊस? पडतो की. कशाचा? पान्याचा न्हाई, गंधकाच्या तेजाबाचा, अ‍ॅसिडचा! सगळ्या ग्रहावर त्याच ढगांची पिवळट चादर. बरं, तेजाब तर तेजाब, पड बाबा एकदाचा… तर त्यो जिमिनीपातूर पोचतच न्हाई! खालच्या गरमीनं मधीच वाफ, आन परत वर! काय म्हणायचं ह्याला? आपल्या ताम्हिणीचा पाऊस बघा, पडायचं ठरवलं तर पडतोच, रस्ता धुतो, पूल धुतो, कुनाच्या बापाचं ऐकत न्हाई. ह्यो शुक्र नुसता भरून येतो. आन ह्याच्या अस्तापायी माझं लग्न अडलंय!

थांबा, अजून सगळ्यात मोटं ऱ्हायलंय. तितं सूर्य कुटं उगवतो? पूर्वेला? ना! पश्चिमेला! ह्यो गडी फिरतोच उलटा. सगळ्यांनी असं फिरायचं, तर ह्यो तसं. आन फिरतो किती जोरात? स्वोताभवती येक गिरकी घ्यायला दोनशे त्रेचाळीस दिवस! आठ महिनं! आन सूर्याला पुरी चक्कर मारायला दोनशे पंचवीस. म्हंजी हितं गिरकी पुरी व्हायच्या आदी तितं वर्स संपलं! म्हंजी तितला येक दिवस… काय गं? बोल, बोल, वाटच बघत हुतीस. "मामा, गिरकी म्हण, दिवस म्हणू नको. तो उलटा फिरतो म्हणून सूर्योदय ते पुढचा सूर्योदय एकशे सतराच दिवस लागतात." बरं, एकशे सतरा! येकशे सतरा दिवसांनी येकदा उजाडतं म्हणं! पोरांनो, त्यातलं निम्मं दिवस शाळा आन निम्मं दिवस झोप, हसताय काय, शाळेचा विचार करा! सांगा, ज्याला स्वोताभवती फिरायला आठ महिनं लागत्यात, ज्याचा सूर्य उलटा, ज्याचा पाऊस अर्ध्यात, त्यो माझ्या लग्नाचा मुहूर्त बघनार?

म्हणलं बास. आता हे तात्यांना सांगायचंच. शिकलेली पोरं म्हणत्यात ना, समजावून सांगितलं की लोकांना पटतं. जानेवारीची चार तारीख, रविवार. जुईलीला घेतली, तिचा तक्ता घेतला, जीप काढली, थेट मुठा. मला खरं सांगायला लाज न्हाई, पोरांनो, मला राग हुता, पन त्याच्या खाली भ्या हुतं. नऊ वर्सांत येक पोरगी हसली हुती माझ्या बोलन्यावर. येक! आन महिनाभर थांबा म्हणलं की मानसाचं मन फिरतं, मी बघितलंय, अठ्ठावीस येळा बघितलंय. थांबा म्हणलं की संपलं!

तात्या अंगनात शेळीचं खूर कापत बसलेलं. शेळी पायात धरलेली, हातात चाकू. मी आपला तक्ता पेंढीला टेकवून सुरू! गरमी, दाब, तेजाब, उलटा सूर्य, समदं. दारात प्राजक्ता येऊन उभी राहिली, ती माझ्याकडं बघतीया, आन तिनं मला पाहून असं… असं डोळ्यानं खुनावलं. मला वाटलं, शाब्बास म्हणतीया! मी आनखी जोरात. तात्यांनी शेळी सोडली, चाकू पुसला, आन सवाल सुरू केलं. "पानी हाय का तितं?" न्हाई. "चारा?" न्हाई. "झाड-झुडूप, निवडुंग तरी?" न्हाई तात्या. "वारं?" जुईली म्हणली, "वर ढगात ताशी साडेतीनशे किलोमीटर, आणि खाली जमिनीवर माणूस चालतो एवढंच." "चांद?" येकबी न्हाई. "शेळी नेली तर किती टिकंल?" जुईलीनं शेळीकडं बघितलं, म्हणली, "तात्या, नेऊच नका." मी म्हणलं शेळीचं सोडा, रशियानं जाडजूड धातूचं यान उतरवलं हुतं, सगळ्यात जास्त टिकलं ते दोन तास! दोन तासात बंद! लग्नातली पंगत बी त्यापरास जास्त चालती!

तात्यांनी मान हलवली. आन म्हणलं, "खरं हाय तुजं, जालिंदर. ज्या ठिकानी गवताची काडी न्हाई, शेळी उभी राहत न्हाई, त्यो आपल्या कार्यात काय लक्ष घालनार? त्यो दिसला काय आन मावळला काय. पटलं बाबा. अस्त-बिस्त काय मानायचं न्हाई." पोरांनो! मला त्या येळी उचलून कुनी खांद्यावर घेतलं असतं तरी चाललं असतं! मी प्राजक्ताकडं बघितलं… तर तिनं कपाळाला हात लावलेला!

आन तात्यांनी घरात हाळी दिली, "अगं ए, लाव तुझ्या भयनीला भूगावला फोन! म्हणावं अस्ताची काय अडचन न्हाई! तुज्या स्थळाला पंचवीस तारीख चालंल!"

कुनाच्या स्थळाला? कुनाचं स्थळ? मी म्हणलं तात्या, कोन भूगाव? तर म्हणलं, "काय न्हाई रं, हिच्या मावशीनं येक पोरगा आनलाय. हिंजवडीला कंप्युटरमदी हाय, भूगावला सातव्या मजल्यावर फ्लॅट. दोन फेब्रुवारीला जर्मनीला चाललाय, विमानाचं तिकीट काढलंय. त्यांना लग्न जानेवारीतच पायजे. पंधरा दिवस मागं लागल्यात. अस्त हाय म्हणून मीच न्हाई म्हणत हुतो. तूबी हायसच, पन तुजी काय सुपारी फुटल्याली न्हाई… तूच म्हणालास अस्ताला काय अर्थ न्हाई. आता त्यांना कोनत्या तोंडानं न्हाई म्हणू?"

कळलं का पोरांनो? कळलं का काय झालं? अस्तानं मला अडवलं हुतं, पन त्या सातव्या मजल्याला बी अडवलं हुतं! उगवनार येक तारखेला, विमान दोन तारखेला! म्हंजी ह्यो शुक्र, ज्याला मी इतकं दिवस शिव्या घालतोय, त्यो माझ्या बाजूनं उभा हुता! येकटा! आन मी तक्ता घिऊन, सोळा किलोमीटर जीप हाणून, माझ्याच तोंडानं त्याला हटवायला आलो हुतो!

आत काकू, प्राजक्ताची आई, फोनचं बटन दाबतीया, टुंई टुंई आवाज येतोय. मी वरडलो, "काकू, थांबा! तात्या, अजून मी अर्दंच सांगितलंय!" आन पोरांनो, त्यानंतर मी जे बोललो ते शाळेत सांगू का नको… सांगतो. म्हणलं, तात्या, चारशे पासष्ट डिग्री! चारशे पासष्ट! एवढा तापट गडी, आन त्याच्या पाठीमागं, त्यो दिसत न्हाई असं बघून, आपन हिकडं गुपचूप कार्य उरकायचं? त्यो मेलेला न्हाई, दिव्यामागं उभा हाय, जुईलीनं मला उदबत्ती लावून दाखवलंय! परत आल्यावर त्याला कळलं तर? ज्याच्याकडं तेजाबाचं ढग हायेत, ज्याच्या हवेनं रशियाचं यान दोन तासात गार केलं, त्याच्याशी आपन वाकडं घ्यायचं? आपल्या पोरीचा संसार हाय, तात्या! थांबा! येक तारखेपातूर थांबा! जुईली उठली, "मामा, आत्ता तर तू म्हणत होतास की…" मी खिशातली मूठभर बोरं काढली आन तिच्या हातात कोंबली, "खा, खा बाळा, गोड हायेत." ती म्हणली, "आंबट आहेत." म्हणलं तरी खा!

ए, रागानं बघू नको आता, त्या दिवशी बी असंच बघत हुतीस. मॅडम, तुमी बी नका बघू तसं. ग्रहाला राग येत न्हाई, लोभ येत न्हाई, त्याला मुळशी कुटं हाय ठावं न्हाई, हे मला कळतंय. वहीत तेच लिवा. पन काकूच्या कानाला फोन हुता!

तात्यांनी माझ्याकडं बघितलं. मेंढरू घ्यायच्या आदी दात बघत्यात ना बाजारात, तसं. मंग हातावर तंबाखू मळत म्हणलं, "त्याची येक गिरकी किती दिवसाची म्हणालास?" दोनशे त्रेचाळीस. "आन अस्त किती दिवस?" पन्नास-येक. "म्हंजी त्याच्या मानानं पाव गिरकी बी न्हाई. त्यो घटकाभर आडोशाला गेलाय, आन तुला दम निघंना, व्हय रं?" मी तक्ता गुंडाळाया लागलो. "बरं. फोन ठिव गं. येक तारखेपातूर थांबतो. आठ तारखेला तुजा मुहूर्त बघू." माझ्या जिवात जीव आला. पन तात्या उठता उठता म्हणलं, "एवढा मानतोस त्याला, तर नुसतं तोंडानं नको. उगवंस्तवर शुक्रवार धर. कडक." म्हणलं धरतो की, साबूदाना, शेंगदान्याची आमटी… "साबूदाना कशाला? तितं काय पिकत न्हाई म्हणालास ना तूच? मंग तू बी खायाचं न्हाई." म्हणलं बरं, पानी पिऊन राहतो. "पानी हाय का तितं?"

न्हाई तात्या.

"मंग?"

आता सांगा! शास्त्र सांगायला गेलो मी, आन शास्त्राप्रमानंच उपास लावला म्हाताऱ्यानं! येक अक्षर चुकीचं बोलला असता तर भांडलो असतो!

निघालो. जीपपातूर प्राजक्ता आली. मला वाटलं गोड बोलंल. तर हळू आवाजात अशी तासली मला… "तुम्हाला कुणी सांगितलं होतं एवढं शास्त्र घेऊन यायला? मी डोळ्यांनी गप्प बसा, गप्प बसा म्हणतेय, तर तुम्ही आवाज वाढवताय! त्या मावशीच्या स्थळाला अडवायला अस्त मीच काढला होता. गुरुजींना फोन मीच लावायला लावला बाबांना. त्यात तुमचीही तारीख अडकली, माहिती होतं मला, पण पंधरा दिवसांनी झालंच असतं की आपलं! नुसतं घरी बसायचं होतं. बसता येत नाही का?"

"मंग मला सांगायचं हुतं!" मी म्हणलं. तर म्हणली, "तुम्हाला सांगितलं असतं तर बाबांनी पहिलाच प्रश्न विचारल्यावर तुम्ही खरा आकडा सांगितला असता."

बरूबर हाय तिचं. आन तुमाला सांगतो, मला राग आला. लई राग आला. पन कुनावर काढू तेच कळंना. शुक्रावर काढावा तर त्यो माझ्या बाजूनं. तात्यांवर काढावा तर ते सासरं. जुईलीवर काढावा तर तिनं सगळं खरंच सांगितलेलं. प्राजक्ता माझ्यासाठी पंचांग उघडून बसली, आन तिच्यावर काय राग काढू? राहता राहिला कोन?

तर आज शुक्रवार हाय. तिसरा. पहाटंपास्नं पोटात काय न्हाई, पान्याचा थेंब न्हाई, सात फेऱ्या मारल्यात, आन तुमच्या शाळेच्या खिचडीला आज फोडणी लई जोरात दिल्याली दिसतीया, हितपातूर वास येतोय. दर शुक्रवारी दुपारी बाराला मेडिकलातनं तिचा येक मेसेज येतो. हालहवाल न्हाई, जेवलात का न्हाई. नुसतं, "शुक्रावर काय परिस्थिती?" आन मी लिवतो, अन्न न्हाई. पानी न्हाई. आत आग, वर तेजाब. हवामानात काय बदल न्हाई.

तवा पोरांनो, परीक्षेत सवाल आला, शुक्रावर कोनी राहतं का, तर पुस्तकात हाय तसंच लिवा, न्हाई म्हणून. मार्क मिळत्यात. पन तुमाला म्हणून सांगतो, येक जन राहतोय. अजून येक शुक्रवार काढायचाय त्याला…

काय मॅडम? पाहुणे पिरंगुटला पोचले? बरं झालं. चला, बसतो मी… आँ? पानी? न्हाई न्हाई, नको. नको म्हणलं ना मॅडम… लांब ठिवा त्यो गिलास. आजून लांब.